खाणीच्या डोक्यावरचं रान

"चंद्रपूरला? आणि तेही एप्रिलमध्ये?" मी बॅग भरत होते तेव्हा शेजारच्या काकूंनी हातातले निवडणाचे ताट बाजूला ठेवून विचारले. काकूंचे काही चुकले नव्हते. चंद्रपूर म्हणजे ऊन, कोळसा, धूर आणि वाघ, एवढीच आम्हा सांगलीकरांची तिकडची माहिती. माझीही त्याहून फार नव्हती. माझी थोरली चुलत बहीण, आमची ताई, लग्न होऊन तिकडे गेली त्याला तीस वर्षे होत आली. भाऊजी तिथल्या एका भूमिगत कोळसा खाणीत ओव्हरमन. एवढ्या वर्षांत मी तिच्याकडे तीनदा गेले असेन, तीही बारशाला नाहीतर लग्नाला, आणि क्वार्टरच्या अंगणापलीकडे काही पाहिले नाही. या जुलैअखेर भाऊजी निवृत्त होणार, क्वार्टर सुटणार आणि ताई नागपूरला फ्लॅटमध्ये राहायला जाणार असे ठरले, तेव्हा तिचा फोन आला. "आता नाही आलीस तर मग काय यायची! आणि मोहाचा हंगाम आहे. तुला दाखवायचाय."

महाराष्ट्र एक्स्प्रेसने सांगलीहून नागपूर म्हणजे सबंध महाराष्ट्र आडवा कापायचा. तिथून पुढे एस्टी. जांब गेले, वरोरा आले. वरोरा म्हटले की आपल्याला बाबा आमट्यांचे आनंदवन आठवते. पण या गावात १८७० च्या दशकात सरकारने कोळशाची खाण सुरू केली होती आणि ती १९०६ मध्ये बंद झाली, हे मला नंतर भाऊजींनी सांगितले. भद्रावतीच्या आसपास उजव्या-डाव्या हाताला सपाट माथ्याचे डोंगर दिसू लागले. आमच्याकडच्या डोंगरांवर हटकून एखादा किल्ला असतो, म्हणून मी शेजारच्या बाईंना विचारले, "हा कुठला किल्ला हो?" त्या हसल्या. म्हणाल्या, "किल्ला कायचा? खाणीची माती आहे ती."

ती उघड्या खाणीची माती. कोळशाच्या खाणी दोन जातीच्या असतात, हे मला तोवर धड माहीत नव्हते. उघड्या खाणीत वरचे रान, माती, मुरूम, खडक सगळे खरवडून बाजूला टाकतात आणि कोळसा उघडा करून उचलतात. तेच हे डोंगर. भूमिगत खाणीत वरचे रान जिथल्या तिथे राहते आणि माणसे बोगद्याने किंवा पाळण्याने खाली उतरतात. भाऊजींची खाण ही दुसऱ्या जातीची. म्हणजे ताईच्या कॉलनीमागे जे जंगल होते, त्याच्या पोटात माणसे तीन पाळ्यांत काम करत होती आणि वर मोहाची फुले पडत होती.

पहाटे साडेचारला ताईने मला हलवून उठवले. दारात आजी उभी होती. ही आजी कॉलनीत मोहफुले, टेंभरं, चारं, रानभाज्या विकायला येते. जवळच्याच पाड्यावरची, जातीने गोंड. वय विचारले तर ती हसते. ताईचे आणि तिचे नाते गिऱ्हाईक-विक्रेत्याचे राहिलेले नाही. ताईच्या दोन्ही बाळंतपणांत शेक-शेगडी तिनेच केली. मला बघून म्हणाली, "हे तुही बहीन काय? चाल माय, उजाडलं म्हंजे ढोरं खाऊन टाकतीन."

मोहाची फुले रात्री उमलतात आणि पहाटे टपटप गळतात. झाडाखाली फिकट पिवळसर, मण्यांसारखी टपोरी फुले पसरलेली आणि वास असा गोड की थोड्या वेळाने डोके जड होते. बरेच लोक फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात आणि त्यातून वणवे लागतात. आजी पेटवत नाही, फड्याने झाडून घेते. "आगीनं बारकी झाडं मरतेत," एवढेच म्हणाली. ती तीन झाडे तिची. कागदावर नव्हेत, पण पाड्यात कोणते झाड कोणाच्या घरचे हे ठरलेले असते आणि दुसरे कोणी तिथे टोपली घेऊन येत नाही. वाळवलेल्या फुलांचे लाडू होतात, पिठात घालून भाकरी होते, गुरांना देता येतात. बाकीचा उपयोग तुम्हाला ठाऊक आहेच.

उजाडले तसे मी आजूबाजूला पाहू लागले. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, सातवीच्या मुलींकडून परिसरातल्या झाडांची यादी करून घेते, त्यामुळे वही सोबत होतीच. साग, ऐन, धावडा, बेहडा, आवळा, बेल ही ओळखीची नावे मी भराभर लिहिली. पळसाचा बहर संपत आलेला. बहाव्याचे पिवळे घोस लोंबत होते. कुड्याला पांढरी फुले. टेंभराच्या झाडावर पिवळी फळे. ह्याचीच पाने विडीला लागतात आणि मे महिन्यात सगळा पाडा ती तोडायला बाहेर पडतो. चाराच्या फळाच्या बियांतून आपली चारोळी निघते; आपण खिरीवर सढळ हाताने टाकतो ती ही, एकेक बी फोडून काढलेली. आजी एकेक झाड दाखवी आणि त्याचे काय खायचे, काय लावायचे ते सांगे. वहीची दोन पाने भरली तरी ती थांबेना.

मी एका आवळ्याकडे निघाले तोच आजी ओरडली, "तिकडं नोको!" पण तोवर माझा पाय पाचोळ्यात गेला होता, गुडघ्यापर्यंत. खाली जमीनच नव्हती. ताईने दंड धरून मला मागे ओढले, पण चप्पल गेली. ती खाली पडल्याचा आवाज आम्ही ऐकत राहिलो, तो काही आला नाही. आजीने काठीने पाचोळा सारला तेव्हा दिसले, वीतभर रुंद भेग लांबवर वाकडीतिकडी गेली होती. तिच्या कडेच्या सागाची मुळे दोन्ही काठांना ताणलेल्या दोरीसारखी उघडी पडली होती. पलीकडे जमीन उतरत उतरत एका मोठ्या परातीसारखी खोलगट झाली होती आणि त्या परातीच्या काठावर आजीचे तिसरे मोहाचे झाड कलून उभे होते. तारेचे कुंपण होते, पण वाकलेले. पाटी होती, पण गंजलेली, आणि आजीला वाचता येत नाही.

त्या रात्री भाऊजी इतके रागावले की ताईला जेवण गेले नाही. "तीस वर्षं मी माणसांना सांगतो, ढासळलेल्या भागावर जाऊ नका, आणि माझ्याच घरातल्या बायका मोह वेचायला जातात!" राग ओसरल्यावर मात्र त्यांनी मला नीट समजावून सांगितले. मी ते आपल्या भाषेत सांगते.

परातीत वड्या थापून आपण सुरीने उभ्या-आडव्या रेघा मारतो. तसा खाली कोळशाचा थर असतो. रेघा म्हणजे बोगदे. ते खोदून त्यांतला कोळसा काढायचा आणि वड्या म्हणजे चौकोनी खांब तसेच ठेवायचे, म्हणजे छत उभे राहते. सगळा भाग असा खोदून झाला की मग टोकाकडून एकेक खांबही काढत मागे यायचे. खांब गेले की छत मुद्दाम कोसळू देतात. ह्या कोसळलेल्या भागाला खाणीत गोफ म्हणतात. खाली छत बसले की वरची जमीनही हळूहळू बसते. मधला भाग खोलगट होतो, त्यात पावसाचे पाणी साठते. कडेची जमीन ताणली जाते, तिला भेगा पडतात आणि तिथले पाणी खाली निघून जाते. म्हणून एकाच परातीत मधे दलदल आणि काठावर कोरड पडते. वर गाव, रेल्वे किंवा नदी असेल तर पोकळी नदीच्या वाळूने भरून काढायची पद्धत आहे. खर्चिक आहे, आणि वाळूही कुठल्या तरी नदीतूनच यायची.

"जुन्या खाणींचं आणखी अवघड," भाऊजी म्हणाले. "खाली काय पोकळ आहे ते वरून कळत नाही." २०२२ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूरजवळ घुग्घुसला एक अख्खे घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले, ते जुन्या भूमिगत खाणीवरच्या वस्तीत. घरातली माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली, आणि मग आजूबाजूच्या कुटुंबांना हलवावे लागले.

म्हणजे भूमिगत खाणीने वरचे रान जसेच्या तसे राहते, असे म्हणता येणार नाही. ते दुसऱ्या दिवशी मी स्वतःच पाहिले. खाणीत पाणी झिरपते, ते रात्रंदिवस पंपाने उपसून नाल्यात सोडतात. त्यामुळे ऐन एप्रिलमध्ये कॉलनीमागचा नाला वाहत होता. काठाला पाणकणीस, लव्हाळा आणि बेशरमाची गुलाबी जांभळी फुले. बगळे, पाणकोंबड्या. किती छान, असे मी म्हणणार तोच आजीने आपल्या पाड्याच्या विहिरीचे सांगितले. ती आता होळीलाच आटते. "आमचं पानी तुमच्या नाल्यात वाहते," असे ती ताईला म्हणाली. ताई काही बोलली नाही.

खाणीच्या तोंडाशी, जिथे कोळसा साठवतात, तिथे निराळेच जग. काळी भुकटी, काळा दगड, उन्हाने नुसता तवा झालेला. दगडातल्या गंधकामुळे काही ठिकाणी माती आंबट होते आणि तिच्यात फार थोडे उगवते. रुई मात्र मस्त. एकदांडी, काटेरी धोतरा, कुठे हरळी. जरा पलीकडे गाजरगवत, घाणेरी आणि कापराच्या वासाची ती रानतुळस. ह्यांना कुणी लावावे लागत नाही. मी तिथली यादी केली, ती अर्ध्या पानातच संपली. आणि कॉलनीत गुलमोहर, करंज, निलगिरी, सुबाभूळ, कडुलिंब, ओळीने लावलेली. लांबून पाहिले तर कॉलनीच जंगलापेक्षा हिरवी दिसते. एप्रिलमध्ये जंगल बिचारे निष्पर्ण, पिवळे.

ताईच्या स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीवर दाबाला एक काळसर चपटा दगड असतो. इतकी वर्षे मी तो पाहिला होता, ह्या वेळी उलटून पाहिला. खालच्या बाजूला एक पान उमटलेले! जिभेसारखे लांबट, मधोमध शीर, दोन्ही बाजूंना बारीक जाळी. भाऊजींना तो खाणीच्या छतातून पडलेल्या दगडात मिळाला होता. ग्लॉसोप्टेरिस असे त्या झाडाचे शास्त्रीय नाव, अर्थ साधारण 'जीभ-नेचा'. नावात नेचा असला तरी ती बी धरणारी झाडे होती. पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी इथल्या दलदलीत त्यांचे रान होते, ते गाडले जाऊन हा कोळसा झाला. अशीच पाने आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अगदी अंटार्क्टिकाच्या बर्फाखालच्या खडकांतही सापडतात, कारण तेव्हा हे सगळे भूखंड एकमेकांना जोडलेले होते. त्या जुन्या खंडाला जगभरचे शास्त्रज्ञ गोंडवन म्हणतात. नाव कुठले? इथलेच, गोंडांच्या मुलखाचे. चंद्रपूर ही तर गोंड राजांची राजधानी. नागपूरला राहणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात कामठीच्या बाजूला अशी पाने गोळा केली होती. मी आजीला तो दगड दाखवून हे सगळे सांगितले. तिने पान बोटाने चाचपले आणि विचारले, "याची भाजी व्हये का?"

एक राहिलेच. पूर्वी खाणीचे छत लाकडाच्या टेकूंवर तोलत. आजीच्या नवऱ्याने तरुणपणी त्या टेकूंसाठी ठेकेदाराकडे लाकूड तोडले होते. आता पोलादी बोल्ट मारतात. पण भाऊजी म्हणतात, लाकूड बरे होते. छत यायच्या आधी ते करकरते, माणसाला पळायला वेळ देते. म्हणजे वरचे रान खाली जाऊनही माणसांना सांभाळत होते. आणि बायकांनी खाली जायला १९५२ च्या खाण कायद्याने बंदी होती. २०१९ मध्ये तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी दिवसपाळीत ती उठली. मला भाऊजींबरोबर एकदा खाली जायचे होते. पाहुण्यांना नेत नाहीत म्हणाले. खरे तर चप्पल-प्रकरणानंतर मला कुठेच न्यायची त्यांची तयारी नव्हती.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मी निरोपसमारंभाला पुन्हा गेले. हार, शाल, नारळ, भाषणे झाली. भाऊजींचा आवाज भरून आला. घरी सगळीकडे खोकी. पण मला ओढ होती ती रानाची.

एप्रिलमध्ये पिवळे, निष्पर्ण म्हणून ज्याची कीव केली होती त्या रानात पाय ठेवायला जागा नव्हती. सागाची पाने सुपाएवढी. कळलावीची लाल-पिवळी फुले कुंपणाच्या गंजक्या तारेवरून वर चढलेली. मुसळी, शतावरी, कुरडू, केना. काटवलाचे वेल, म्हणजे आपली कर्टुली. आणि तरोटा. आमच्याकडे त्याला टाकळा म्हणतात आणि तण म्हणून उपटून टाकतात. इकडे पहिल्या पावसाची भाजी म्हणून वाट पाहतात. अगदी कोवळा पाला घ्यायचा, दोन-तीनदा धुऊन उकडून घट्ट पिळायचा, मग तेलात भरपूर लसूण, वाळकी मिरची, कांदा, आणि वरून भिजवलेली चण्याची डाळ. मात्र कोळशाच्या रस्त्याकडेचा आणू नये. त्यावरची भुकटी कितीही धुतले तरी जात नाही.

या वेळी आम्ही कुंपणाबाहेरूनच पाहिले. भाऊजी स्वतः बरोबर आले होते. मधला खोलगट भाग पाण्याने भरला होता, बेडकांनी कान किटवले. भेगेच्या ओल्या कडेवर हंसराजाची नाजूक पाने फुटली होती. आणि आजीचा तिसरा मोह आडवा झाला होता. पडतानाच त्याने खालची दोन रोपटी मोडली होती. मुळांचा अर्धा गड्डा हवेत, अर्धा त्या परातीत. आजी बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "सासूनं दावला होता मले हा." भाऊजी दुसरीकडे पाहू लागले.

परत येताना त्यांनी सांगितले, त्यांची खाण आता फार दिवसांची नाही. देशातला नव्वद टक्क्यांहून अधिक कोळसा आज उघड्या खाणींतून येतो. भूमिगत खाणीत बराच कोळसा खांबांत अडकून राहतो, खर्च जास्त, माणसे जास्त, धोका जास्त. हेही वरून उघडणार अशी कॉलनीत कुजबुज आहे. खरे-खोटे त्यांनाही माहीत नाही. "मग हे रान?" मी विचारले. "झाडं लावतात ना नंतर," ते म्हणाले, आणि स्वतःच गप्प झाले.

झाडे लावतात हे खरे. ढिगाऱ्यावर झाड जगवणे ही सोपी गोष्टही नाही. तिथे माती नसते, फोडलेला खडक असतो. नागपूरच्या 'नीरी' संस्थेत डॉ. आशा जुवारकर यांनी विदर्भातल्या खाणींच्या अशा ढिगाऱ्यांवर काम केले. साखर कारखान्यातला प्रेसमड आणि त्यासोबत मुळांना मदत करणारे जिवाणू व बुरशी घालून त्यांनी रोपे जगवून दाखवली. आमच्या सांगलीकडे प्रेसमडचे ढीग पडलेले असतात, तेव्हा ऐकून मला आनंदच झाला. पण जगवतात ती झाडे मोजक्या जातींची. मुसळी कोण लावणार? काटवल? हंसराज? ह्यांचे बी आणि कंद वरच्या वीतभर मातीत असतात आणि ती माती नीट बाजूला काढून लवकर परत पसरली तरच त्यांना काही आशा. मोहाला तर बहर धरायलाच कितीतरी वर्षे लागतात. आजीच्या नातीच्या पदरात तो पडला तर पडला.

ताईचे मत मात्र माझ्यासारखे भाबडे नाही, आणि ते सांगितले नाही तर अन्याय होईल. २०२२ मध्ये चंद्रपूरच्या दुर्गापूर भागात वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसे गेली. वस्तीभोवती माजलेल्या झुडपांत जनावर दबून बसते. तेव्हापासून संध्याकाळी सातनंतर ताई एकटी दाराबाहेर पडलेली नाही, आणि कॉलनीमागची झुडपे कापली त्या दिवशी तिने पेढे आणायचेच बाकी ठेवले होते. आजीला ती झुडपे गेल्याचे वाईट वाटले, कारण काटवलाचे वेल त्यांच्यावरच चढत. मी दोघींच्या मधे बसून दोघींना हो म्हणत होते. तुम्ही काय म्हटले असते?

निघायच्या आदल्या संध्याकाळी आजी ओट्यावर येऊन बसली. "वाच वं तुहं लिवलेलं." मी यादी वाचू लागले. ती प्रत्येक नावाला "हाव" म्हणे. एका ठिकाणी मी दोन नावे लिहिली होती ते एकच झाड निघाले, आणि एका नावाखाली दोन झाडे. ते तिने दुरुस्त करून घेतले. सात-आठ नावे नवीन घातली. त्यांतली काही गोंडी होती, त्यांना मराठीत काय म्हणतात ते ताईलाही ठाऊक नव्हते, म्हणून मी ती ऐकली तशी लिहिली. वाचून झाल्यावर तिने विचारले, "हे कोनाले दावशीन?"

"शाळेतल्या मुलींना."

"त्याईले कायले? त्याईले का हे तोडाचं हाये?" मग थोडे थांबून म्हणाली, "मोजाले येतेत ना सायेब, झाडं मोजाले, त्याईच्यापाशी ठिव. ते मोठीच झाडं मोजतेत."

मी एक प्रत काढून भाऊजींकडे दिली. ती पुढे कोणाच्या टेबलावर गेली की लोणच्याच्या दगडाबरोबर खोक्यात गेली, ते अजून कळलेले नाही. ताई म्हणते, नागपूरच्या घरी अर्धी खोकी अजून उघडायची आहेत.

सकाळी स्टँडवर आजी आली ती पदराखाली पळसाच्या पानात काहीतरी बांधून. बांबूचे कोवळे कोंब होते, इकडे त्यांना वास्ते म्हणतात. चिरून, भिजत घालून, उकडून पाणी टाकायचे, मग भाजी. सांगलीपर्यंत टिकतील का, हा प्रश्न मी विचारला नाही. एस्टी सुरू झाली तेव्हा तिने खिडकीवर थाप मारली.

"माय, वास्ते लिवले का?"

नव्हते लिहिले. बांबू लिहिला होता, वास्ते राहिले होते. मी वही काढून तिच्यादेखत लिहिले.